जुन्या कॅरव्हानमध्ये सोलापूरचा मे महिना: कूलर, एसी आणि वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधीच मार्क सांगून टाकते. कूलरला पाचपैकी साडेचार, एसीला साडेतीन, वर्कशॉपच्या कामाला चार आणि वर्कशॉपने दिलेल्या तारखांना एक. ज्यांना घाई आहे ते इथेच थांबले तरी चालेल.

गाडी म्हणजे कारच्या मागे ओढायची जुनी कॅरव्हान, चौदा फुटी, कंपनीची पाटी कुठेच नाही, पण आतला सनमायका आणि खिडक्यांची ठेवण बघून सत्तरच्या दशकातली असावी. आत लाकडी सांगाडा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा. आमच्या ह्यांनी पुण्यातल्या एका बंगल्याच्या आवारात गंजत पडलेली उचलून आणली आणि आता ती आमच्या शेतावर असते, तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाच्या पुढे. सुट्टीत भाचरं येतात, पाहुणे येतात, सगळ्यांना तिच्यातच झोपायचं असतं. हौस लई, पण सोलापूरचा मे म्हणजे ४२-४३ नेहमीचंच, दुपारी दोनला त्या डब्यात पाय ठेवला की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं.

परदेशात ह्या जुन्या ट्रेलरचं वेड आहे, आणि गार करायची खटपटही तिकडे जुनी आहे, १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपर नावाच्या अमेरिकन ट्रेलरमध्ये म्हणे ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून हवा गार करायची सोय दिली होती. पण तिकडच्या लोकांचं वाचायला गेलं की अर्धं हीटरवरच असतं, पाइप गोठला, गॅसची भट्टी पेटेना वगैरे. आपल्याला त्यातलं निम्मं कामाचं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

गाडी आली तेव्हा छतावर एक अमेरिकन रूफटॉप एसी आधीच बसवलेला होता, १३,५०० बीटीयूचा, म्हणजे आपल्या हिशोबात सव्वा टनाला थोडा कमी. दिसायला भारी, कडक. पण तो ११५ व्होल्ट आणि ६० सायकलचा (म्हणजे हर्ट्झ), आपली लाइन २३० आणि ५० ची. आधीच्या मालकाने खाली एक हा एवढा मोठा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ठेवला होता, तो व्होल्टेज कमी करतो हे खरं पण सायकल कुठे बदलतो? ६० ची मोटर ५० वर चालवली की ती फिरते हळू आणि तापते जास्त, गारवा कमी आणि आवाज असा की बोललेलं ऐकू येत नाही. शिवाय त्याचं वजन सगळं त्या जुन्या छतावर, मध्यभागी छत बसलेलं, पावसाचं पाणी तिथेच साचायचं. कोणी जुन्या बाजारात असला पीस 'इम्पोर्टेड आहे' म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, फुकट दिला तरी घेऊ नका.

मग वर्कशॉप शोधलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ट्रक आणि टेम्पोच्या बॉड्या बांधणारं आहे, नाव लिहीत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की असली कामं परत आणू नका, ह्यात वेळ जातो आणि पैसे सुटत नाहीत. मिस्त्री साठीचे, निम्मं तेलुगू निम्मं मराठी बोलणारे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी एसी किती टनचा बसवू म्हणून विचारायला गेले होते. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, छताला हात लावला, हात झटकला आणि म्हणाले, "ताई, एसीचं नंतर बघू बे, आधी हे छत बघा." सोलापुरात 'ताई' आणि 'बे' एकाच वाक्यात येतात, बाहेरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

हिशोब केला तर अण्णांचं बरोबरच होतं. छत साधारण साडेआठ चौरस मीटर. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट पडतं, म्हणजे नुसत्या छतावर आठ किलोवॅटच्या आसपास. आणि एक टनचा एसी बाहेर किती काढतो, तर साडेतीन किलोवॅट. सगळं ऊन आत शिरत नाही मान्य, पण निम्मं जरी शिरलं तरी एसी बिचारा जिंकणार कसा? आणि तो चकचकीत पत्रा, ज्याला पॉलिश करायला लोक आठवडे घालवतात, तो ऊन परतवतो पण जेवढं पितो तेवढं सोडताना महाचिकट, त्यामुळे स्वतः तापतच जातो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि घेतलेली उष्णताही पटकन सोडून देतो. फोटोत चकचकीत छान दिसतं, सोलापुरात छत पांढरंच पाहिजे. ह्यांचा चेहरा पडला होता पण रंग मारला.

आतली प्लाय उघडली तर मजाच. भिंतीत काचेच्या लोकरीच्या गाद्या भरलेल्या होत्या, इतक्या वर्षांत रस्त्याच्या धक्क्यांनी त्या सगळ्या खाली बसल्या होत्या, म्हणजे गुडघ्यापर्यंत इन्सुलेशन आणि डोक्याशी नुसता पत्रा. छतात तर उंदरांनी घर केलेलं. ते सगळं काढून अण्णांनी पफची, म्हणजे पॉलीयुरेथेन फोमची, शीट कापून कापून बसवली, आणि कोपऱ्यात, खिडक्यांच्या चौकटीभोवती एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राइल रबरची शीट चिकटवली. हे काम मात्र फार सुंदर केलंय, फटीत कागद जात नाही. जुन्या रूफटॉपचं चौदा बाय चौदा इंचाचं भोक होतं तिथे उघडझाप होणारी खिडकी आणि १२ व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन. तिच्या कडेचं सिलिकॉन पहिल्या वळवाच्या पावसात गळलं, उशीवर पाणी, परत नेऊन दाखवली तर पैसे न घेता करून दिलं पण त्यासाठी आठ दिवस गाडी अडकवली. कामाचा एक मार्क कापला तो त्याच्यासाठीच.

आता कूलर. नुसता साधा डेझर्ट कूलर, चाळीस लिटरची टाकी, हनीकोंब पॅडवाला, खिडकीला बाहेरून अँगलवर टांगलेला. हे बसवताना सगळे हसत होते, एवढी हौसेची गाडी आणि त्याला कूलर. पण सोलापूरची एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत, बाहेर ४२ असताना कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर २७-२८ दाखवतो, आत गादीवर ३१-३२. पंखा आणि पंप मिळून विजेला दीडशे-दोनशे वॅट, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. शेतावर लाइटचं काय असतं ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे हा मुद्दा सगळ्यात मोठा.

अट एकच, छतावरची खिडकी उघडी पाहिजे आणि एक्झॉस्ट चालू पाहिजे. पाहुणे येतात, गार हवा बाहेर जाईल म्हणून सगळं बंद करतात आणि मग तासाभरात अंगाला चिकचिक, गाद्या ओलसर, आणि कूलर बेकार म्हणून मलाच ऐकवतात. कूलरला ओली हवा बाहेर जायला वाट लागते, हे मी आता दारावर खडूनेच लिहून ठेवलंय.

पाणी मात्र पितो. तासाला सात-आठ लिटर धरून चाला, म्हणजे टाकी पाचेक तासांत खलास. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथे हे ऐकून आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे बोअर आहे, पण बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की महिन्याभरात पॅडवर पांढरे थर. दर पंधरवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची आणि पॅड ब्रशने घासायचे, नाहीतर वासही येतो आणि हवाही कमी होते. अर्धा मार्क कापला तो ह्या घासकामाचा. आणि मृगाचा पाऊस पडला की कूलर गेला कोपऱ्यात, हवेत दमट आलं की तो नुसता पंखा. गणपतीपुळ्याला वगैरे न्यायची असेल तर कूलरचा विचारही करू नका.

त्यासाठी एसी. एक टनचा इन्व्हर्टर स्प्लिट घेतला, साधा घरात लावतात तोच. इनडोअर युनिट मागच्या भिंतीवर, आणि आउटडोअर पुढे हुकाच्या दांड्यावर जिथे पूर्वी गॅसच्या टाक्या असायच्या. कल्पना चांगली, छतावर वजन नाही, आवाज बाहेर, पण हुकावरचा भार वाढतो म्हणून अण्णांनी बॅटरी आणि पाण्याची टाकी चाकाच्या मागे सरकवली. फार मागे पण सरकवायची नाही हं, शेपूट जड झालं तर हायवेला ट्रेलर झोके खायला लागतो.

कामगिरी सांगायची तर वर हिरवी शेडनेट बांधलेली असेल तर भर दुपारी २६-२७ वर येतो आणि मग कॉम्प्रेसर हळू होतो. शेडनेट काढली तर तोच एसी ३०-३१ ला अडकतो आणि फुल ताकदीने कोकलत राहतो. म्हणजे हजार-बाराशेची जाळी पस्तीस-चाळीस हजारांच्या मशीनएवढं काम करते. रात्री मात्र काही प्रश्नच नाही, पांघरूण घ्यावं लागतं.

मार्क कापले ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तांब्याचे पाइप. घरातला एसी जागचा हलत नाही, हा तुळजापूरच्या घाटात उड्या मारतो, जॉइंटला केसाएवढी चीर गेली की गॅस संपला, आमचा एकदा गेला. आता पाइपला जास्तीची वेटोळी देऊन रबराच्या क्लॅम्पवर बसवलाय, तेव्हापासून ठीक आहे. नव्या एसीत आर-३२ गॅस असतो, तो थोडाफार ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड, एवढ्याशा डब्यात आत गळला तर खाली साचणार, म्हणून सगळे जॉइंट बाहेरच्या बाजूला घ्यायला सांगा. कंपनीची वॉरंटी असल्या फिटिंगला मिळेल ही आशाही ठेवू नका.

दुसरं म्हणजे वीज. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, लेड अॅसिडमधून निम्मी वापरायची, म्हणजे एसी तासभरही धड नाही. लोक म्हणतात सोलर लाव. छतावर खिडकी सोडून साडेपाचशे वॅटची दोनच पॅनेल मावतात, त्यातून दिवसाला चारेक युनिट, कूलर-पंखे-दिव्यांना भरपूर, एसीला दुपारचे चार-पाच तास फार तर. पॅनेल छतापासून चार बोटं वर बसवली तर त्यांची सावली मिळते हा फायदा वेगळाच. आम्ही अजून लावलेली नाहीत, सध्या विहिरीवरच्या मीटरवरून केबल ओढतो.

आणि केबल ओढत असाल तर अर्थिंग. बाहेरून सगळा पत्रा, टायर रबराचे, आत कुठे वायर घासली गेली तर पूर्ण गाडीच लाइव्ह होणार आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणारा पहिला माणूस गेला. गाडीत शिरतानाच ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आणि जमिनीत सळई ठोकून अर्थ, हे केल्याशिवाय मी लहान मुलांना आत पाठवलं नसतं. बजेट कमी असेल तर एसी राहू दे, हे आधी करा.

हीटरचं थोडक्यात. आधीच्या मालकाने एक गॅस हीटर बसवलेला, धूर जायला नळीच नाही, जळतो ती हवाही आतलीच. तो त्याच दिवशी काढला आणि लाइन बंद केली. असल्या हीटरने बंद डब्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याचा वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. तिकडच्या चांगल्या हीटरमध्ये हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो, त्रुमा नावाची जर्मन कंपनी त्यासाठीच ओळखली जाते, पण सोलापूरला कशाला पाहिजे? जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला रात्री थोडी थंडी पडते, त्याला सोलापुरी चादर दोन घ्या, एक वर एक खाली. महाबळेश्वरला न्यायचीच असेल तर हॉट अँड कोल्ड एसी घ्या, पाच-सहा हजार जास्त जातात पण आत जाळायचं काही नसतं.

खर्च: कूलर नऊ हजारांच्या आत अँगलसकट, एसी फिटिंग धरून पंचेचाळीसच्या घरात, आणि छत-भिंतींचं काम ह्या दोन्हीपेक्षा जास्त, आकडा ह्यांनी लिहायला मनाई केलीये. क्रम विचाराल तर आधी पांढरा रंग आणि पफ, मग शेडनेट, मग कूलर, आणि पैसे उरले तर एसी. वर्कशॉपला जायचं असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा, शनिवारी अण्णा भेटत नाहीत, आणि ते 'परवा देतो' म्हणाले की पुढचा महिना धरा.