वॉटर फ्लॉसर: आठ महिन्यांच्या वापरानंतर, सणासुदीचे दिवस धरून

हातात धरायचा, बिनतारी, ३०० मिलिलिटर टाकीचा वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक, जोरदार धारेनं दातांच्या फटी साफ करणारं यंत्र. वापर आठ महिने, रोज रात्री एकदा. त्यातच सणासुदीचे तीन आठवडे आले, आणि या यंत्राची खरी परीक्षा तेव्हाच झाली. कंपनीचं नाव देत नाही, कारण या आकाराची बहुतेक यंत्रं आतून सारखीच असतात: छोटा पंप, पाण्याची टाकी, बॅटरी आणि फिरवता येणारं टोक.

निकाल आधीच सांगून टाकतो. फटीत अडकलेलं अन्न काढायला याच्याइतकं सोपं दुसरं साधन नाही. दातांवर बसलेला चिकट थर खरवडायला मात्र हे पुरत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि खोक्यावर त्यांची सरमिसळ केलेली असते.

सणाच्या दिवसांत दात बिघडतात ते गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं यामुळे. दातांवरच्या थरातले जिवाणू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हे नुकसान भरून काढते, पण तोंड पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. जेवणासोबत गोडाचे चार तुकडे खाल्ले तर हा फेरा एकदाच होतो. तेच चार तुकडे येता-जाता, दर तासाला एक असे तोंडात टाकले तर चार फेरे होतात आणि लाळेला उसंतच मिळत नाही. हिरड्या मागे सरकून ज्यांच्या दातांची मुळं उघडी पडली आहेत, त्यांनी जास्त जपायला हवं. मुळाचा पृष्ठभाग एनॅमलपेक्षा बराच सौम्य आम्लातही झिजतो. कोणतंही यंत्र हे फेरे थांबवत नाही. फटीत उरलेला साठा काढून टाकणं, एवढंच त्याच्या हातात आहे.

हा साठा बहुतेकदा साखरेच्या दाण्यांचा नसतो. साखर लाळेत विरघळून जाते. मागे राहतो तो कुरकुरीत, पिठाळ पदार्थांचा लगदा आणि चिकट सुकामेवा. चावताना हा लगदा दाढांच्या खाचांत आणि दोन दाढांमधल्या जागेत दाबून बसतो आणि जिवाणूंना तासन् तास खाद्य पुरवतो. नीट ब्रश केल्यावर शेवटच्या दोन दाढांच्या मधे टोक धरून दोन सेकंद पाणी सोडा आणि बेसिनमध्ये पाहा. पांढुरक्या लगद्याचे तुकडे आणि सुकामेव्याची सालं पडलेली दिसतील. ब्रशचे केस तिथवर पोचलेलेच नसतात.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी फ्लॉसर, मग ब्रश. फटी मोकळ्या झाल्या की पेस्टमधलं फ्लोराइड तिथपर्यंत जातं. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पण चूळ भरू नका. पेस्टनंतर फ्लॉसरनं धुवायची सवय बऱ्याच जणांना असते. त्यानं नुकतंच लावलेलं फ्लोराइड बेसिनमध्ये वाहून जातं. पेस्ट १,००० ते १,५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची असावी, ब्रश दोन मिनिटं करावा. लहान मुलांसाठी हेच, पण पेस्टचं प्रमाण तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढं आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढं. सहा वर्षांखालच्या मुलांना फ्लॉसर देऊ नका.

वापरायची पद्धत पुस्तिकेत चार चित्रांत उरकलेली असते, आणि तिथंच लोक अडखळतात. टाकीत कोमट पाणी घ्या. गार पाणी उघड्या मुळांना झिणझिण्या आणतं. टोक तोंडात गेल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरसा धुतला जातो. बेसिनवर चांगलं वाकायचं, ओठ सैल मिटायचे आणि पाणी आपोआप गळू द्यायचं. तोंड घट्ट मिटलं की पाणी घशाकडे जातं आणि ठसका लागतो. टोक दाताला काटकोनात, हिरडीच्या कडेवर धरा. ते हिरडीच्या आत रोखून धरलं तर दुखतं आणि सूजही येते. सुरुवात मागच्या दाढेपासून करा, हिरडीच्या कडेनं पुढं सरका आणि प्रत्येक फटीपाशी दोन सेकंद थांबा. आधी बाहेरून, मग जिभेच्या बाजूनं.

इथं टाकीचा हिशेब आड येतो. वरच्या-खालच्या मिळून तीसच्या आसपास फटी, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेकंद, म्हणजे दोन मिनिटं. ३०० मिलिलिटर पाणी मध्यम दाबावर मिनिटभरापेक्षा थोडंच जास्त टिकतं. एक टाकी बाहेरच्या बाजूला, दुसरी आतल्या बाजूला, असं ठरवून टाकलं की आतली बाजू राहून जात नाही. एकाच टाकीत उरकायच्या घाईत नेमकी खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू सुटते, आणि किटण, म्हणजे कडक झालेला थर, सगळ्यात आधी तिथंच साचतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं अगदी जवळ असतात.

दाब पहिल्या दिवशी सगळ्यात कमी ठेवा. आठवडाभरानं एक पायरी वाढवा. सर्वात जोराच्या पायरीची गरज आठ महिन्यांत क्वचितच पडली. पाणी थोडं गुलाबी दिसलं तर घाबरून बंद करू नका. सुजलेल्या हिरड्या सुरुवातीला रक्त देतात आणि सफाई नीट होऊ लागली की दहा-चौदा दिवसांत ते थांबतं. थांबलं नाही तर दंतवैद्याला दाखवा. कडक किटण पाण्यानं निघत नाही, ते दंतवैद्याकडे स्केलिंग करूनच, म्हणजे खरवडूनच, काढावं लागतं. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांनी यंत्र घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

आता चिकट थराचं. थर दाखवणारी रंगाची गोळी मिळते. ती चावून जीभ सगळीकडे फिरवायची आणि चूळ भरायची. फ्लॉसर आणि ब्रश दोन्ही झाल्यावर ही गोळी चावली तर दातांचे दर्शनी भाग स्वच्छ दिसतात, पण दोन दाढा जिथं एकमेकींना टेकतात, त्याच्या खाली रंगाची बारीक रेघ तशीच राहते. दोऱ्याचा फ्लॉस घालून पुन्हा पाहिलं की रेघ गेलेली असते. कारण साधं आहे: हा थर पाण्याच्या धारेनं सैल होतो, विस्कटतो, पण पूर्ण निघायला घासावाच लागतो. दोरा साधारण ४५ सेंटिमीटर घ्या, फटीतून हळूच करवतीसारखा खाली न्या, एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवा आणि खालीवर तीन-चारदा घासा. मग शेजारच्या दाताला तसंच. फटी रुंद असतील तर दोऱ्यापेक्षा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा, तारेवर केस असलेला इवलासा ब्रश) चांगला. त्याचा आकार असा निवडा की आत जाताना केस किंचित घासले जावेत, पण तार दाताला टेकू नये. एकाच तोंडाला बहुधा दोन आकार लागतात, म्हणून आधी मिश्र पाकीट घ्या. तात्पुरती कॅप बसवलेली असेल तर दोरा वर ओढून काढू नका, एक टोक सोडून बाजूनं सरकवून काढा. वर ओढला की कॅप सोबत येते.

दात सरळ करायच्या तारांच्या क्लिपा, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) असलेल्यांसाठी मात्र फ्लॉसर हे पहिल्या पसंतीचं साधन आहे, हे निःसंकोच सांगेन. तारांमधून दोरा ओवायला सुईसारखं साधन आणि पंधरा मिनिटं लागतात. सणाच्या रात्री दमून आल्यावर तेवढा धीर कुणालाच नसतो. फ्लॉसरनं तीन मिनिटांत तारा मोकळ्या होतात.

तिसऱ्या महिन्यात धारेचा जोर निम्म्यावर आला. बॅटरी भरलेली होती, पंपाचा आवाजही तोच होता. दोष दोन ठिकाणी होता: टोकाच्या बारीक छिद्रात पाण्यातले क्षार बसले होते, आणि टाकीतल्या शोषनळीच्या तळाची जाळी बुजली होती. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पांढरा व्हिनेगर घालून ते यंत्रातून सोडलं, टोक त्यातच थोडा वेळ बुडवून ठेवलं, मग दोन टाक्या साधं पाणी. जोर परत आला. आता हे महिन्यातून एकदा. असं करूनही धार तुटक येत असेल तर शोषनळी नीट बसली आहे का ते पाहा. ती सैल असली की पंप हवा ओढतो. रोज रात्री उरलेलं पाणी ओतून टाकीचं झाकण उघडं ठेवायचं. बंद ठेवली तर आठवड्यात तळाशी बुळबुळीत थर येतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच हिरड्यांवर फवारला जातो. पाण्यात मीठ घालू नका, त्याचे खडे पंपात बसतात. माउथवॉशचा फेस होतो.

चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण ही या यंत्राची सगळ्यात कच्ची बाजू. ते नीट दाबलं नाही तर आत पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. चार्ज करण्याआधी यंत्र पुसून उलटं धरा, झटका.

घरी पाहुणे असताना एकच यंत्र चालतं, पण टोक ज्याचं त्यानं वेगळं वापरायचं. तळाशी रंगीत कडी असते ती ओळखीसाठीच. बाहेर असाल तर खाऊन झाल्यावर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, आणि साखर नसलेलं च्युइंगम वीस मिनिटं चघळा, लाळ वाढते. आंबट पेय प्यायलं असेल तर लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेलं एनॅमल घासलं जातं, अर्धा तास जाऊ द्या. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे दिवसात काहीही चुकलं तरी रात्रीची सफाई चुकवू नका, आणि ती झाल्यावर पाण्याखेरीज काही नको.

टोक तीन ते सहा महिन्यांत बदलावं लागतं. म्हणून खरेदीआधी सुटी टोकं वेगळी मिळतात का हे बघा. मिळत नसतील तर ते यंत्र कितीही चांगलं दिसलं तरी घेऊ नका.