अल्टिमेट चिकन हॉर्स, दिवाळी ते पावसाळा वापरून: गेम पक्का, कंट्रोलर कच्चा

"स्टिक ड्रिफ्ट ही वापरामुळे होणारी नैसर्गिक झीज असून ती वॉरंटीत समाविष्ट नाही." कंट्रोलर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा हा मेल काल आला, म्हणून हा रिव्ह्यू आज लिहायला घेतलाय. (स्टिक ड्रिफ्ट म्हणजे कंट्रोलरची स्टिक, हात न लावताही, एका बाजूला ढकलल्यासारखी वागते.) एरवीही लिहिणारच होतो, पण जरा गोड लिहिलं असतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की कमेंटमध्ये "माझा तर मस्त चालतोय" म्हणणारे येतात आणि माझं बीपी वाढतं.

आधी गेमचं. मॉन्ट्रियलच्या क्लेव्हर एन्डेव्हर गेम्सचा हा २०१६चा गेम, म्हणजे वयाने तसा म्हातारा. जुन्या लॅपटॉपवरही लोण्यासारखा चालतो, ग्राफिक्स कार्डाची भानगड नाही. सेलमध्ये घेतला आणि एकच कॉपी घेतली. चौघे एका टीव्हीसमोर बसून खेळतात, मग चार कॉप्या कशाला? हा मुद्दा माझ्यासाठी ग्राफिक्स, स्टोरी, म्युझिक या सगळ्याच्या वर आहे.

आमचा अड्डा कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटवर, शनिवारी रात्री. याआधी बरंच काही खेळून झालं होतं. पुयो पुयो टेट्रिस आणला, तर आमच्या योग्याचा टेट्रिसवर शाळेपासूनचा हात बसलेला. तो ओळीमागून ओळी उडवणार आणि तो सगळा कचरा (अडथळ्याचे ठोकळे) बाकीच्यांच्या डोक्यावर पडणार. दुसऱ्या शनिवारी तो एकटाच "अजून एक, अजून एक" करत होता, आम्ही भेळ खात होतो. गेम उत्तम आहे, पण त्यात कसलेला माणूस हरतच नाही. मित्रांच्या ग्रुपमध्ये याच्याइतकं घातक काही नाही. ओव्हरकुक्ड २ मध्ये दोन-दोनच्या टीमची स्पर्धा आहे, पण मूळ गेम एकत्र मिळून स्वयंपाक करण्याचा. सिंकमधली भांडी कोणी घासायची यावर आमच्याकडे खरोखरची भांडणं होतात, त्यासाठी वेगळे पैसे कोण देणार?

चिकन हॉर्सची खुबी एका नियमात आहे. प्रत्येक फेरीत आधी प्रत्येकाने मैदानात एक वस्तू ठेवायची (फळी, करवत, काटेरी तार, बाण सोडणारं यंत्र, काहीही) आणि मग सगळ्यांनी एकदम पळत-उड्या मारत झेंड्यापर्यंत जायचं. सगळेच पोहोचले, तर फारच सोपं होतं म्हणून कोणालाच गुण नाहीत. कोणीच नाही पोहोचलं, तरी कोणालाच नाहीत. म्हणजे वाट अशी हवी की आपल्याला जमेल आणि शेजारच्याची तंगडी अडकेल. कागदावर हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात याच नियमापायी माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो.

मागच्या आठवड्यातली एक फेरी सांगतो. स्वाती पुढे होती, तिला एकदा झेंडा गाठला की डाव जिंकायचा होता. झेंड्याअलीकडे एकच फळी, उडी मारून तिच्यावर उतरायचं आणि पुढची उडी घ्यायची. पप्याने त्या फळीवरच बरोब्बर मध येईल अशी सोय केली. मधावर पाय चिकटतो, उडी पडते तोकडी. योग्याने वरून बाणाचं यंत्र लावलं, मी काटेरी तार. फेरी सुरू झाली. स्वाती मधावर उतरली, बाणाची वेळ मोजत थांबली, निघाली, आणि उडी इतकी तोकडी पडली की माझ्या तारेपर्यंतसुद्धा पोहोचली नाही. मागून पप्या आला आणि स्वतःच्याच मधात रुतला. योग्याला त्याच्याच यंत्राचा बाण लागला. मी सुरुवातीच्याच खड्ड्यात पडलो होतो, त्याबद्दल बोलायला नको. गुण कोणालाच नाहीत. पुढच्या फेरीत स्वातीला बॉम्ब मिळाला, तिने मध उडवला आणि सरळ चालत गेली. पप्या "रडीचा डाव, रडीचा डाव" करत बसला. आता बॉम्ब खेळातलाच आहे म्हटल्यावर रडीचा कसला?

पुयो पुयोमध्ये जे होत नव्हतं ते इथे होतं. योग्याचा हात इथेही सगळ्यांत चांगला आहे, पण त्याच्या वाटेत काय ठेवायचं ते आम्ही तिघं ठरवतो. शिवाय मागे पडलेला खेळाडू झेंड्यापर्यंत पोहोचला तर त्याला कमबॅकचे जादा गुण मिळतात. लहानपणी धाकट्या भावाला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो, तसलाच प्रकार. मला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. हरतोय तर हरू दे की! गेममध्ये नियमांचं पुस्तक आहे, त्यात गुण कमी-जास्त करता येतात, म्हणून मी कमबॅकचे गुण शून्यावर आणले. त्या रात्री डाव निम्म्यात आले की पप्या मोबाईल काढून रील्स बघायला लागायचा, कारण आपण हरलोय हे त्याला कळलेलं असायचं. गुण परत चालू केले, मोबाईल परत खिशात. त्याच पुस्तकात कुठली वस्तू किती वेळा यावी हेही बदलता येतं. आम्ही ब्लॅक होल जवळजवळ बंद केलंय. ते माणसाला ओढून घेतं आणि त्यात कौशल्य शून्य.

आता येतो मूळ दुखण्यावर.

प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक खोका उघडतो, त्यात थोड्या वस्तू असतात आणि चौघांचे कर्सर एकाच वेळी त्यावर फिरतात. ज्याने आधी बटण दाबलं त्याची वस्तू. या गेममधले माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे दोन सेकंद हेच. बॉम्ब दिसला की चारही कर्सर त्याच्यावर झेप घेतात. आणि इथे माझा कर्सर, मी काहीही न करता, डावीकडे वर सरकतो. मी बॉम्बवर जातो, बटण दाबेपर्यंत कर्सर शेजारच्या गवताच्या पेंढीवर. एकदा पेंढी हातात आली की आली, परत करता येत नाही. सगळे बाण आणि करवती ठेवताहेत आणि मी पेंढी घेऊन उभा!

सुरुवातीला बाकीच्यांना वाटलं मी बहाणे करतोय. मग एकदा सगळ्यांसमोर कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि हात वर केले. टीव्हीवर माझी मेंढी सावकाश डावीकडे चालायला लागली, कडेपर्यंत गेली आणि खाली पडली. पप्या म्हणाला, "अरे, ही तुझ्यापेक्षा बरी खेळते."

असं का होतं, ते स्वस्तातला कंट्रोलर घ्यायला निघालेल्यांसाठी सांगतो. नेहमीच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात. आत कार्बनच्या पट्टीवर धातूचा छोटा पत्रा घासत फिरतो आणि स्टिक कुठे झुकली आहे ते त्यावरून कळतं. घासून घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि मग स्टिक मध्यभागी असली तरी कंट्रोलरला ती झुकलेली वाटते. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर, एकाला दुसऱ्याचा स्पर्शच नाही. घासणंच नाही तर झिजणार काय? हे काही नवं तंत्र नव्हे. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ साली हे होतं. इतकी वर्षं झाली तरी स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये आपल्याला बहुतेक वेळा घासणारी पट्टीच मिळते आणि ती झिजली की म्हणतात "नैसर्गिक".

तात्पुरता उपाय आहे. स्टीमच्या (ज्या ॲपवरून गेम घेतो आणि चालवतो त्याच्या) कंट्रोलर सेटिंगमध्ये डेडझोन वाढवायचा, म्हणजे मध्याजवळची हालचाल गेमला कळतच नाही. केला. मेंढी थांबली. पण ड्रिफ्ट वाढत जातं, डेडझोन वाढवत राहावं लागतं, आणि शेवटी स्टिक अर्धी ढकलल्याशिवाय कर्सर हलत नाही, हलला की एकदम उडी मारतो. बॉम्ब पुन्हा दुसऱ्याचाच.

सर्व्हिसची कथा थोडक्यात. वॉरंटी एक वर्षाची, बिल माझ्याकडे. आधी चॅटबॉटने तीनदा "तुमचा कंट्रोलर चार्ज आहे का?" विचारलं. कंट्रोलर वायरचा आहे! मग व्हिडिओ मागितला, मेंढीचाच पाठवला. मग म्हणाले कुरिअर करा, खर्च तुमचा. केला. परत आला तो तोच कंट्रोलर, तोच ओरखडा, स्टिकवरचं रबर मात्र पुसून चकचकीत. ड्रिफ्ट जसंच्या तसं. पुन्हा तक्रार केली, तेव्हा तो वर दिलेला मेल. झीज वॉरंटीत बसत नसेल तर वॉरंटीत बसतं तरी काय, असं विचारलंय, उत्तर नाही. कुरिअरचे पैसे धरले तर त्यात अजून थोडी भर घालून बरा कंट्रोलर आला असता, हे लिहितानाही पोटात दुखतंय.

अपडेट: वरचं लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं होतं, दरम्यान चौघांनी कॉन्ट्री काढून हॉल इफेक्टवाला एक कंट्रोलर घेतला. आता काही मतं बदलावी लागताहेत. खोक्यातली ती झटापट ड्रिफ्ट असताना मला गेमचा दोष वाटायला लागली होती. वाटायचं की क्रमाने एकेकाला निवडू द्यायला हवं. आता वाटतं, आहे तेच बरोबर. क्रम लावला तर प्रत्येक जण विचार करत बसेल आणि रात्रीचे दोन वाजतील. दुसरं म्हणजे नवा कंट्रोलर फिरता ठेवलाय, मागच्या डावात जो शेवटचा आला त्याला तो मिळतो. म्हणजे कमबॅकचे गुण वेगळे आणि वर हा वेगळा. योग्याची यावर हरकत आहे, पण योग्याची कशावर नसते? एक सावधगिरी: हॉल इफेक्ट म्हणजे अमरपट्टा नाही. स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंग कालांतराने सैल पडू शकतेच. आणि खोक्यावर "गेमिंग", "प्रो" वगैरे लिहिलेलं असलं तरी आत हॉल सेन्सर आहे असं समजू नका, तसं स्पष्ट लिहिलेलं बघा.

विंडोजवर खेळणाऱ्यांसाठी अजून एक. स्वस्त कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा एक्स-इनपुट आणि डी-इनपुट असे दोन मोड (विंडोजशी बोलण्याच्या दोन पद्धती) असतात आणि एखादं बटण दाबून धरलं की मोड बदलतो. पप्याच्या कंट्रोलरची बटणं मध्येच उलटीसुलटी झाली होती, बिघडला म्हणून तो फेकायला निघाला होता. मोड बदलला होता, बाकी काही नाही. एक्स-इनपुटमध्ये एका वेळी चारच कंट्रोलर ओळखले जातात, आणि गेमही चौघांचाच, त्यामुळे तिथे अडत नाही.

ऑनलाइन खेळायचं तर प्रत्येकाकडे गेम हवा. पण स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर आहे, त्यात गेम फक्त यजमानाकडे असला तरी चालतो. तुमच्या स्क्रीनचा व्हिडिओ मित्राकडे जातो, त्याची बटणं तुमच्याकडे येतात. फुकट म्हटल्यावर मी लगेच केलं. बंगळुरूला बदली झालेल्या मंद्याला बोलावलं. त्याला चित्र उशिरा दिसणार आणि त्याची उडी आमच्याकडे त्याहून उशिरा पोहोचणार, त्यामुळे बाण निघून गेल्यावर तो उडी मारायचा. दोन फेऱ्यांनंतर त्याने स्वतःच कॉपी विकत घेतली. यात यजमानाचा अपलोड स्पीड महत्त्वाचा, आणि आमच्या सोसायटीतलं वाय-फाय संध्याकाळी काय असतं ते न बोललेलं बरं.

उशीर सोसणारा गेम हवा असेल तर ट्रिकी टॉवर्स बघा. हाही २०१६चाच. टेट्रिसचे ठोकळे, पण ओळ भरली म्हणून गायब होत नाहीत. त्यांना वजन असतं, मनोरा डोलतो आणि कोसळतो. स्वतःला वेल मिळवून ठोकळे बांधून घ्यायचे किंवा दुसऱ्याला भलामोठा नाहीतर निसरडा ठोकळा पाठवायचा. पहिल्यांदा खेळणाऱ्यालाही पाच मिनिटांत कळतो, आणि शिस्तीत ठोकळे रचणाऱ्या योग्याचा मनोरासुद्धा डोलतो, हे बघायला मजा येते. शिवाय तो डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या चार दिशांच्या बटणांवर) खेळता येतो, स्टिकला हातच लावायचा नाही, म्हणून माझ्याकडून त्याला अर्धा स्टार जास्त. पण दर शनिवारी लावावा असा नाही. त्यात दुसऱ्याला त्रास देता येतो, सापळा रचता येत नाही.

आणि कंट्रोलरवर एक रुपयाही घालायचा नसेल तर जॅकबॉक्स पार्टी पॅक. मोबाईलच कंट्रोलर, ब्राउझरमध्ये चार अक्षरांचा कोड टाकला की झालं. प्रश्नमंजूषा टाळा, त्यातले अमेरिकन टीव्हीवरचे प्रश्न आपल्याला कुठून येणार? क्विपलॅश (गमतीदार उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी मत द्यायचं) मात्र घ्या. प्रश्न इंग्रजीत असतो, पण उत्तर तुम्ही रोमन लिपीत अस्सल मराठीत ठोकू शकता, आणि मत देणारेही आपलेच. आमच्याकडे त्यात स्वाती कायम जिंकते, आणि तिची उत्तरं इथे छापता येणार नाहीत.

चिकन हॉर्स कोणी घेऊ नये? एकट्याने खेळणाऱ्यांनी. त्यात चॅलेंज मोड आहे, लोकांनी बनवलेल्या लेव्हल आहेत, पण ज्याच्या वाटेत मध लावायचा तो माणूसच समोर नसेल तर काय मजा? दोघांतही तो अर्धाच वाटतो, तिघांपासून पुढे रंगतो. गेमला पाचपैकी साडेचार, अर्धा ब्लॅक होलसाठी कापला. जुन्या कंट्रोलरला शून्य. तो आता भाच्याला दिलाय. त्याला कार रेसिंग लागतं आणि गाडी सारखी डावीकडे का जाते, हे त्याने अजून विचारलेलं नाही.