केबलवर ‘ओएफसी’ छापलंय? आधी ब्लेडने खरवडून बघा

इंटरकनेक्टसाठी, म्हणजे ऑडिओ उपकरणं एकमेकांना जोडायला, घेतलेल्या शील्डेड केबलवर ‘ओएफसी, ९५ टक्के शील्ड’ असं ठळक छापलेलं होतं; म्हणजे ऑक्सिजनविरहित तांबं, आणि बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी, आतल्या तारेचा ९५ टक्के भाग झाकणारी जाळी. आत निघालं तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि जाळी इतकी विरळ की आतलं इन्सुलेशन सगळीकडून दिसत होतं. विकणाऱ्याचं उत्तर एकच: ‘कॉपरच आहे, रंग बघा ना.’ रंग तांब्याचाच असतो, म्हणून तर माणूस फसतो.

अशा तारेला सोल्डर सुरुवातीला व्यवस्थित धरतं, कारण वरचा थर तांब्याचाच असतो. पण सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की तो पातळ थर वितळलेल्या कथलात विरघळतो, खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि सोल्डर गोळी होऊन बाजूला सरकतं. जॉइंट जमला तरी आरसीए प्लगच्या (ऑडिओ उपकरणांच्या मागे लावायच्या लाल-पांढऱ्या गोल प्लगच्या) तोंडाशी केबल थोडी वाकली की तारा एकेक करून तुटतात. मग आवाज मध्येच जातो, आणि दोष मात्र प्लगला दिला जातो.

खात्री करायला फुटभर तुकडा पुरे. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम समजा. कथलाचा मुलामा असलेलं खरं तांबं उलट वागतं: वर चंदेरी, आत लाल. तार लोहचुंबकाला चिकटली तर गाभा पोलादाचा आहे. ॲल्युमिनियम मात्र चुंबकाने ओळखता येत नाही, त्यामुळे ‘चुंबक लावून बघा, चिकटत नाही’ या दाखल्याला काही अर्थ नाही.

अख्खं रोल हाताशी असेल तर मल्टिमीटर लावा. २४ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकी माप) तांब्याच्या ५० मीटर तारेचा रोध साधारण ४.२ ओहम येतो; मीटरच्या वायरींचा रोध आधी वजा करा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सहाच्या वर जाते. जास्त रोधाचं दुसरंही कारण असू शकतं: बाहेरून जाडजूड जॅकेट, आत केसासारख्या चारदोन तारा.

आता आवाजाचं. ॲम्प्लिफायरचा इनपुट इंपिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १० किलोओहम किंवा जास्त असतो, त्यापुढे मधल्या तारेच्या ओहमच्या अंशाने काही बिघडत नाही. म्हणूनच ‘९९.९९९९ टक्के शुद्ध’ अशा दाव्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. साधं विद्युत दर्जाचं तांबंही ९९.९ टक्क्यांच्या वर असतं. खरं नुकसान शील्डमध्ये होतं. आरसीए जोडणीत परतीचा मार्ग तीच जाळी असते. तिचा रोध वाढला की दोन उपकरणांमधल्या ग्राउंडचा करंट तिथे व्होल्टेज तयार करतो आणि तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. स्पीकरमधून ऐकू येणारी घूंऽऽ ती हीच.

स्वस्तात हवं असेल तर दोन कोअरची, दाट तांब्याच्या जाळीची मायक्रोफोन केबल घ्या. आरजी-५९ ही व्हिडिओची कोॲक्सियल केबल सुद्धा चालते, पण गाभा आणि जाळी दोन्ही तांब्याची हवीत. टीव्हीच्या आरजी-६ मध्ये बहुधा पोलादी गाभा आणि ॲल्युमिनियमची जाळी असते, ती जाळी साध्या सोल्डरने जोडताच येत नाही.

कपॅसिटन्सही (केबलची विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजून घ्या: १० मीटर तुकडा, दुसरं टोक मोकळं, मीटरवर १ नॅनोफॅरड म्हणजे मीटरला १०० पिकोफॅरड. सीडी प्लेयरला एवढं सहज चालतं. टर्नटेबलच्या बऱ्याच एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजना, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, मात्र एकूण १०० ते २०० पिकोफॅरडच लागतात, आणि त्यात ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटचेही (टर्नटेबल जोडायच्या जागेचेही) धरायचे असतात; तिथे केबल शक्य तितकी आखूड कापा.