चाकांच्या खुर्च्या आणि ७५ इंची पॅनेल: एका वर्गखोलीचा वर्षभराचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात गेल्या जूनमध्ये एका वर्गखोलीतील जुने बाक हलवून तेथे चाकांच्या ४० खुर्च्या, घडीची टेबले आणि ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा) बसविण्यात आले. वर्षभर तेथे भौतिकशास्त्र शिकविल्यावर माझे मत असे झाले आहे की, पैसा पॅनेलवर अधिक गेला, पण शिकविण्याची रीत बदलली ती खुर्च्यांनी.

खुर्चीला जोडलेली लिहिण्याची फळी दोन्ही बाजूंना फिरते, त्यामुळे वर्गातील एका डावखुऱ्या मुलीला अंग न मुरडता वही लिहिता येऊ लागली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बीचनर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्रासाठी जी वर्गरचना विकसित केली, तीत सात फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती तिघातिघांचे तीन गट बसतात. आमच्याकडे गोल टेबले नसली, तरी उदाहरण सोडवायला दिले की मिनिटभरात तिघांची कोंडाळी होतात. पहिल्या आठवड्यात मात्र मागून 'सर, खुर्ची पयी ऱ्हायनी!' (खुर्ची पळतेय!) अशी हाक येई. चाकांना ब्रेक नाहीत, आणि फरशी धुताना पाणी दाराकडे जावे म्हणून दिलेला उतार आम्हाला कधी जाणवला नव्हता, तो खुर्च्यांना लगेच कळला.

पॅनेलचे चित्र सुस्पष्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्याचा स्पर्श इन्फ्रारेड पद्धतीचा आहे, म्हणजे चौकटीतून पडद्यावर अदृश्य किरणांचे जाळे पसरते आणि बोटाने ते जेथे अडते तेथे स्पर्श नोंदला जातो. खिडक्या पश्चिमेला असल्याने मार्चमध्ये दुपारी तीननंतर ऊन थेट चौकटीवर येऊ लागले आणि मी काढलेल्या विद्युत मंडलाच्या आकृतीत पॅनेलने स्वतःची एक तार जोडली. कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी आला. तोवर आमच्या शिपाईमामांनी जाड पडदा लावून आणि रोज सकाळी कोरड्या ब्रशने चौकटीतली धूळ झाडून प्रश्न सोडवला होता.

विजेचे सॉकेट सगळे भिंतीतच राहिले, म्हणून लॅपटॉप उघडले की हलती टेबलेही भिंतीला चिकटतात. फर्निचरची ऑर्डर देण्याआधी वायरमनला बोलवायला हवे होते. मागच्या भिंतीवरचा काळा फळा काढू नये, हा माझा हट्ट तेवढा मान्य झाला. आता वीज गेली की, कोणी न सांगता चाळीसही खुर्च्या त्याच्याकडे वळतात.