आरटीएक्स ३०६० १२ जीबी की आरटीएक्स ४०६० ८ जीबी?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एनव्हिडियाचं मधल्या बजेटचं ग्राफिक्स कार्ड विचारलं की हा पेच हमखास पुढे येतो: वापरलेलं किंवा उरलेल्या स्टॉकमधलं ३०६० घ्यायचं, की पुढच्या पिढीचं ४०६०? नंबर मोठा म्हणून ४०६० उचलणारे बरेच. पण स्पेक्स शेजारी ठेवून पाहिले तर काही रकान्यांत नवं कार्ड चक्क मागे आहे.

| | ३०६० | ४०६० |
|---|---|---|
| बाजारात आलं | फेब्रुवारी २०२१ | जून २०२३ |
| कुडा कोअर (गणितं करणारे भाग) | ३५८४ | ३०७२ |
| बूस्ट क्लॉक (चिपचा वेग) | १७७७ मेगाहर्ट्झ | २४६० मेगाहर्ट्झ |
| व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) | १२ जीबी | ८ जीबी |
| मेमरी बस (चिप ते मेमरी वाटेची रुंदी) | १९२ बिट | १२८ बिट |
| बँडविड्थ (मेमरीतून जाणारा डेटा), सेकंदाला | ३६० जीबी | २७२ जीबी |
| एल२ कॅश (चिपवरची छोटी, वेगवान मेमरी) | ३ एमबी | २४ एमबी |
| पीसीआय एक्सप्रेस ४.० (मदरबोर्डशी जोडणी) | १६ लेन | ८ लेन |
| बोर्ड पॉवर | १७० वॅट | ११५ वॅट |

टेराफ्लॉप्सचा (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) हिशेब सरळ आहे: कोअर गुणिले क्लॉक गुणिले २. त्यानुसार ३०६० चे १२.७४ आणि ४०६० चे १५.११, म्हणजे ४०६० कागदावर १८ ते १९ टक्के पुढे. कोअर कमी असूनही क्लॉकमधली ६८३ मेगाहर्ट्झची आघाडी ते भरून काढते. या दोन पिढ्यांत कोअरची आतली मांडणी जवळजवळ तीच असल्यामुळे ही तुलना रास्त ठरते. हाच आकडा जुन्या पिढीला लावू नका. २०७० चे टेराफ्लॉप्स जेमतेम साडेसात आहेत, तरी गेममध्ये ते ३०६० च्या आसपासच चालतं. ३०६० च्या पिढीपासून निम्मे कोअर पूर्णांकांच्या कामालाही जुंपलेले असतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो.

१०८०पी गेमिंगमध्ये ४०६० ची आघाडी साधारण १५ ते २० टक्क्यांची, म्हणजे गणिताला धरूनच आहे. बँडविड्थ २४ टक्क्यांनी कमी असताना हे जमतं कसं? आठपट मोठ्या एल२ कॅशमुळे. वारंवार लागणारा डेटा चिपवरच सापडला की मेमरीपर्यंत जावंच लागत नाही. रिझोल्यूशन वाढवलं की मात्र कॅश अपुरी पडू लागते आणि अरुंद बस जाणवते. १४४० पी मॉनिटर असेल तर ही आघाडी गृहीत धरू नका.

खरी गोची ८ जीबीची. टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) अल्ट्रावर आणि सोबत रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचं खरं गणित) लावलं की नवे गेम ही हद्द ओलांडतात. उरलेला डेटा सिस्टिमच्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावा लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ठीक दिसतो, पण खेळताना मध्येच अडखळतं. अशा वेळी टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंग तशीच राहू द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. एनव्हिडियाचं स्वतःचं डीएलएसएस फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम बनवणं) हा ४०६० चा हुकमी एक्का, ३०६० ला तो नाही. पण ते स्वतःच व्हीरॅम खातं, आणि मुळात ५०-६० एफपीएस मिळत नसतील तर आकडा वाढूनही माउस जडच वाटतो.

जुन्या पीसीत कार्ड टाकणाऱ्यांनी लेनच्या रकान्याकडे नीट पाहावं. स्लॉट लांबीला पूर्ण असला तरी ४०६० त्यातल्या ८ लेनच वापरतं. बी४५० मदरबोर्ड किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर असेल तर स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० वर चालतो, आणि ८ लेनमधून सेकंदाला जेमतेम ७.९ जीबी जातात. ३०६० ला तिथेच दुप्पट वाट मिळते. इथे रायझन ५ ५६००जी वाले फसतात: बोर्ड बी५५० असला तरी हा प्रोसेसर ग्राफिक्सला ३.० च देतो. व्हीरॅम पुरत असेल तोवर फरक थोडका. ८ जीबी भरले की तोच फरक टोचतो.

घरच्या मशीनवर भाषा मॉडेल चालवायचं असेल तर माझं मत सरळ ३०६० ला. प्रत्येक टोकनमागे (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) जवळजवळ सगळं मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं, त्यामुळे वेग बँडविड्थवर ठरतो. २४ एमबीची कॅश तिथे कामाला येत नाही. ५ जीबीच्या मॉडेलला कमाल मर्यादा सेकंदाला ३०६० वर ७२ टोकन, ४०६० वर ५४. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून कमीच मिळतात, पण प्रमाण साधारण हेच. १३ अब्ज पॅरामीटरचं ४-बिट मॉडेल ८ जीबीत कॉन्टेक्स्टसकट (आधीचा मजकूर लक्षात ठेवायची जागा) मावत नाही, १२ जीबीत मावतं.

एडिटिंगचं उत्तर इतकं सोपं नाही. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडर ४०६० मध्येच आहे. यूट्यूबला अपलोड किंवा स्ट्रीम करणाऱ्यांना त्याचा उपयोग. उलट ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शनसारखे जड इफेक्ट चढवले की ८ जीबी संपतात आणि मेमरी भरल्याचा एरर येतो. लग्नाचं शूटिंग ४:२:२ १०-बिटमध्ये (जास्त रंगमाहिती ठेवणारा प्रकार) करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: ते फुटेज दोन्हीपैकी एकही कार्ड हार्डवेअरवर डिकोड करत नाही. प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी प्रत) बनवा, नाहीतर एचईव्हीसी (एच.२६५) फुटेजपुरता इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचा आतला ग्राफिक्स चालू ठेवा.

विजेचा फरक ५५ वॅटचा. रोज ४ तास गेमिंग धरलं तर वर्षाला सुमारे ८० युनिट; १० रुपये युनिटने ८०० रुपये. दोन-तीन वर्षं वापरणार असाल तर किमतीच्या तुलनेत ही रक्कम मिळवून बघा. दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात ती उष्णता वेगळी जाणवते, हा भाग निराळा. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) दोन्हींना ५५० वॅटचा सुचवलेला आहे. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटवर ४०६० निभावतं, ३०६० ला मात्र तेवढी मोकळीक देऊ नका.

४०६० नवं घेत असाल तर मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० चा भावही विचारा. व्हीरॅम तेवढीच ८ जीबी, पण बँडविड्थ ४४८ जीबी. दोघांच्या भावात थोडकाच फरक असेल तर ४०६० घेण्यात अर्थ नाही.

३०६० वापरलेलं घेताना आधी १२ जीबीचंच आहे ना ते बघा. ८ जीबीचंही एक ३०६० आहे: कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० जीबी, म्हणजे घ्यायचं कारणच उरत नाही. जीपीयू-झेडमध्ये (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बसच्या रकान्यात १९२ दिसलं पाहिजे. लेन तपासताना शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा, कारण रिकामं असताना कार्ड लिंकचा वेग आपोआप उतरवतं. मग फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण देणारी चाचणी) १५ मिनिटं चालवा. जीपीयूचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) यांत २० अंशांहून बरंच जास्त अंतर पडलं तर थर्मल पेस्ट वाळली असण्याची किंवा हीटसिंक नीट बसलेला नसण्याची शक्यता असते. तो खर्च भावातून कापून घ्या. २०२१-२२ मधली बरीच कार्डं सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियमच्या मायनिंगला जुंपलेली होती. त्यात चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड आधी जातात, म्हणून पंखा हाताने फिरवून घरघर ऐका. समुद्राकाठच्या घरातून आलेलं असेल तर ब्रॅकेट, स्क्रू आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आहे का तेही बघा. खारी हवा आधी तिथेच लागते. बिल पक्कं, जीएसटीचं आणि त्यावर कार्डचा सिरियल नंबर लिहिलेलं हवं. वॉरंटी बहुतेक ३ वर्षांची असते, म्हणजे २०२१ मध्ये विकलेल्या कार्डची केव्हाच संपली. विकणारा 'वॉरंटीत आहे' म्हणाला तर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर त्याच्यासमोरच टाकून बघा.