लग्नाचा शालू आणि डाग: घरी काढावा, ड्रायक्लीनला द्यावा की तसाच ठेवावा?

लग्न उरकतं, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉटवर शालू पसरून घरातल्या बायका खिडकीच्या उजेडात तो बघत बसतात. खांद्यावर ओल्या अक्षतांचे लाल ठिपके, पदरावर तुपाचा थेंब, निऱ्यांच्या खालच्या काठाला कार्यालयातल्या गालिच्याचा रंग. मग प्रत्येकीचा एकेक उपाय निघतो. लिंबू चोळ. शांपूत भिजव. छे, सरळ ड्रायक्लीनला टाक.

हे सगळे उपाय कुठल्या ना कुठल्या डागाला लागू पडतात, आणि नेमक्या दुसऱ्या डागाला लावले तर साडीचं वाटोळं करतात. म्हणून शालू कुठे द्यायचा हे ठरवण्याआधी डाग कशाचा आहे आणि खाली कापड कोणतं आहे, एवढं तरी नक्की करा.

माझ्या बहिणीच्या लग्नात काय झालं ते सांगते. शालू मोतिया रंगाचा, काठ लाल. हळदीकुंकू देताना करंडा कलंडला आणि चिमूटभर हळद पदरावर सांडली. ती कोरडीच होती, नुसती झटकली असती तरी बरीचशी गेली असती. पण मावशीनं घाईघाईनं पदर बेसिनपाशी नेला, रुमाल ओला केला, तिथलाच साबण त्याला लावला आणि घासलं. डोळ्यांदेखत पिवळा डाग लालभडक झाला. काठाचा रंग उतरला असं समजून मावशी रडकुंडीला आली. काठाला काहीच झालं नव्हतं. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीत लाल होतं, बास. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच करतात, तेच त्या पदरावर घडलं होतं. थोडंसं पांढरं व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून ओल्या फडक्यानं नुसतं टिपलं असतं तरी लाल परत पिवळं झालं असतं. आम्हाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. घासल्यामुळे रेशमाचे तंतू मात्र पिंजले गेले, आणि ती जागा आजही बोटाला खरखरीत लागते.

घरी काढणं

सुती कपडे घरी बिनधास्त धुवा. हळदीची पिवळी साडी, सुती अष्टपुत्री, परकर, नवरदेवाचं सुती उपरणं यांना साबण लावा, डाग लाल झाला तरी घाबरू नका, नीट खळबळून कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिन उन्हात विरतं. दोन-तीन दिवस ऊन दिलं की बहुतेक डाग फिका पडतो, कधी पूर्ण जातो. ब्लीचची गरज पडत नाही.

रेशमाला मात्र हा न्याय लावू नका. रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. क्लोरीन ब्लीच त्याला पिवळं करतं आणि खातं. डाग खाणारी एन्झाइम असलेल्या पावडरींमध्ये प्रथिन तोडणारं एन्झाइमही असतं, आणि त्याला अंड्याचा डाग आणि रेशमाचा धागा यातला फरक कळत नाही. नुसतं पाणी लावलं तरी रेशमावर वाळताना गोल कडा उमटते, आणि कित्येकदा ती कडा मूळ डागापेक्षा जास्त दिसते. शालूला ऊन दाखवायचं तर त्याचा स्वतःचा रंगही उडतो.

तरी रेशमावर घरी करण्यासारख्या चार गोष्टी आहेतच, आणि त्या लगेच करायच्या असतात. लाजाहोमाच्या वेळचं तूप किंवा पंगतीतलं तेल पडलं तर वरचं जास्तीचं तूप टिपकागदानं उचला, डागावर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे घरातली साधी टाल्कम पावडर, जाडसर पसरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मऊ ब्रशनं झटका. तूप पावडरीत ओढलं जातं. अर्धं जरी निघालं तरी पुढे ड्रायक्लीनरचं काम सोपं होतं. चिखल लागला असेल तर पूर्ण वाळू द्या आणि मगच झटका. हारातल्या लिलीचे पराग बोटानं पुसायला जाऊ नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलून घ्या. आणि हिरव्या चुड्यातली एखादी बांगडी फुटून रक्ताचा थेंब पडला तर गार पाण्याच्या ओल्या फडक्यानं टिपा. गरम पाणी अजिबात नको, रक्त शिजून धाग्यात बसतं.

कुठलंही पाणी किंवा औषध लावण्याआधी साडीच्या आत खोचायच्या टोकाला एक थेंब लावून पांढऱ्या रुमालानं दाबून बघा. रुमालावर रंग आला तर तिथेच थांबा.

जरीवर लिंबू, चिंच, टूथपेस्ट लावू नका, चांदीची भांडी त्यानं उजळत असली तरी. जुन्या खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे. आज दुकानात मिळणारी बरीचशी जरी तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली, नाहीतर चकचकीत पॉलिएस्टरची पट्टी असते. आंबट लावून वरचा मुलामा गेला की खालून काय निघेल ते नशिबावर.

कोपऱ्यावरची लाँड्री की साड्यांचा ड्रायक्लीनर?

खरी निवड इथे आहे, आणि लोक ती अंतर आणि भाव बघून करतात. 'ड्राय'चा अर्थ एवढाच की पाण्याऐवजी द्रावक वापरतात. आपल्याकडे काही ठिकाणी परक्लोरोइथिलीन असतं, काही ठिकाणी पेट्रोलियमपासून बनवलेलं द्रावक, ज्याला बोलीभाषेत पेट्रोल वॉश म्हणतात. तूप, तेल, लिपस्टिकमधलं मेण, फाउंडेशन हे सगळं अशा द्रावकात विरघळतं. साखर, घाम, सरबत, बासुंदीतलं दूध मात्र विरघळत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारं आहे. ते काढायला मशीनमध्ये टाकण्याआधी कुणीतरी टेबलावर बसून, एकेक डाग बघून, हातानं काढावा लागतो. त्या कामाला स्पॉटिंग म्हणतात आणि साडी वाचते ती तिथे.

आमच्या शालूचं पुढे असंच झालं. पंगतीत बासुंदीचे दोन थेंब पडले होते, वाळल्यावर दिसतही नव्हते. आम्ही साडी जवळच्या लाँड्रीत दिली, डागाबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि चार दिवसांत ती कडक, चकचकीत होऊन परत आली. सगळे खूष. दिवाळीला घडी उलगडली तर पदराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढे दोन तपकिरी डाग. साखर कापडात तशीच राहिली होती. इस्त्रीची उष्णता आणि कपाटातले महिने मिळून ती तपकिरी झाली होती. तेव्हापासून मी साडी देताना न दिसणारे डागही सांगते. सेफ्टी पिनेनं चिठ्ठी लावायची नाही, जरीत भोक पडतं. डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचे सैल टाके घालायचे आणि पावतीवर लिहून घ्यायचं: पदर, बासुंदी.

कोपऱ्यावरची लाँड्री वाईट असते असं मी म्हणत नाही. सुती साड्या, कुर्ते, सोवळ्याचं साधं धोतर, वऱ्हाडातल्या सगळ्यांच्या सिंथेटिक साड्या तिथेच द्या. स्वस्त पडतं आणि लवकर मिळतं. अडचण ही की बऱ्याच लाँड्र्या ड्रायक्लीनचं काम स्वतः करत नाहीत. गठ्ठा बांधून बाहेर पाठवतात. तुम्ही काउंटरवर सांगितलेली बासुंदी त्या गठ्ठ्याबरोबर जात नाही.

म्हणून शालू किंवा पैठणी असेल तर दोन किलोमीटर लांब जा, पण काम जागेवर होतं का ते विचारा. डाग हातानं काढणारा माणूस आहे का विचारा. पावतीवर साडीची किंमत लिहून देतील का विचारा, कारण बहुतेक पावत्यांच्या मागे बारीक अक्षरात जबाबदारी साडी देणाऱ्यावरच टाकलेली असते. आणि डाग दाखवल्यावर 'सगळं जाईल ताई' म्हणणाऱ्यापेक्षा 'तूप जाईल, हळदीची खात्री नाही' म्हणणाऱ्याकडे साडी द्या. ज्याला कापड कळतं तोच असं बोलतो.

दोन्हीकडे एक मोह समोर येतो, पॉलिश. कडकपणा आणणारं द्रावण मारून साडी ताणून गरम रोलरवरून फिरवतात. साडी नव्यासारखी दिसते, पण पॉलिशनं डाग निघत नाही, उलट उष्णतेनं पक्का बसतो. आधी डाग, मग सफाई, आणि पॉलिश करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी. हातमागाच्या पैठणीला मी पॉलिश करूच देत नाही. तिचा मऊपणा मला चकाकीपेक्षा प्यारा आहे.

साडीच्या विणीनंही निवड बदलते. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे नसतात, त्यामुळे सफाईत ती अडकत नाही. बनारसी शालूच्या मागच्या बाजूला बुट्ट्यांचे धागे सुटे लोंबत असले तर ब्रश मारला की ते ओढले जातात. शालूला ब्रश लावणार असाल तर आधी उलटी बाजू बघा. रिसेप्शनचा घागरा हे आणखी वेगळं प्रकरण. त्यावरचे मणी आणि टिकल्या बऱ्याचदा डिंकानं चिकटवलेल्या असतात, आणि परक्लोरोइथिलीनमध्ये तो डिंक सुटतो, प्लास्टिकच्या टिकल्या वाकड्या होतात. तसं असेल तर घागरा देताना 'टिकल्या शिवलेल्या नाहीत, चिकटवलेल्या आहेत' एवढं नक्की सांगा.

तसाच ठेवणं

हाही एक पर्याय आहे आणि तो आपण पुरेसा विचारात घेत नाही. हळद रेशमाला लागली की तो डाग राहिला नाही, ती रंगाई झाली. पूर्वी हळदीनं रेशीम रंगवतच असत. कुशल कारागीर स्पिरिटनं ती फिकी करू शकतो, पण पूर्ण काढण्याच्या नादात आजूबाजूचा रंग जातो. ओल्या मेंदीचं तेच. ती जशी तळव्यावर चढते तशीच रेशमावर चढते आणि उतरत नाही. कुणी पुन्हापुन्हा ब्लीच करायला सुचवलं तर साडी परत घेऊन या.

डाग निऱ्यांत किंवा आतल्या वेढ्यात असेल तर तसाच राहू द्या, कुणालाही दिसत नाही. खालच्या काठाला असेल तर जुना फॉल काढून नवा लावताना थोडा झाकता येतो. लाजाहोमाच्या ठिणगीनं पडलेल्या भोकाला डाग काढणारा काही करू शकत नाही, ते काम रफूगराचं. त्याला साडीच्याच आतल्या टोकाचा धागा काढून दिलात तर रफू ओळखू येत नाही.

लग्न व्हायचं असेल तर

ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांना यातलं पुष्कळ टाळता येईल. अक्षता आदल्या दिवशी रंगवून सूप भरून वाळवा. ओल्या अक्षतांइतके डाग लग्नात दुसऱ्या कशानं पडत नाहीत. फुलवाला हारांवर पाणी मारून देतो, ते झटकून घ्या, आणि हारात रंग दिलेली फुलं नकोत असं आधीच सांगा. ओल्या झेंडूचाही पिवळा डाग पडतो. उष्ट्या हळदीला सुती साडीच नेसा, कुणी कितीही म्हणालं तरी. ब्लाउजच्या बगलेत अस्तराच्या आत सुती कापडाची घडी शिवून घ्या, घाम तिथे थांबेल. आणि मुहूर्त, सप्तपदी झाली की पंगतीआधी शालू बदलून दुसरी साडी नेसा. एकमेकांना घास भरवताना जिलबीचा पाक कुठे ओघळेल याचा नेम नाही, आणि तो फोटो काठापदराच्या साध्या साडीतही छानच येतो.

शालू साफ होऊन आला की लाँड्रीची प्लास्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाका. तिच्यात दमटपणा अडकतो, आणि कोकणात एका पावसाळ्यात बुरशी धरते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नका, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर रेशीम घडीवर तुटतं. मी मलमलीच्या आत एक कागदही ठेवते: कोणता डाग, कुठे, कधी दिली, काय निघालं, काय राहिलं. बहिणीच्या शालूच्या कागदावर शेवटची ओळ आहे, 'पदर, हळद, पिवळट राहिली, पुन्हा देऊ नये.' गेल्या वर्षी भाचीच्या बारशाला तिनं तोच शालू नेसला, पदर खांद्यावर जरा वेगळा घेतला, आणि डाग आतल्या घडीत गेला.