प्रिन्स एडवर्ड आयलंड की केप ब्रेटन? उन्हाळी सुट्टीसाठी दोन बेटांची तुलना

जुलै-ऑगस्टमधला एक आठवडा मोकळा आहे, सोबत शाळकरी मुलं आणि भारतातून आलेले आई-वडील आहेत, आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एखाद्या बेटावर जायचंय. एवढं ठरलं की टोरांटो-मिसिसागाकडच्या बहुतेक घरांची गाडी दोन नावांपाशी अडते: प्रिन्स एडवर्ड आयलंड (पीईआय, हा स्वतंत्र प्रांत) आणि केप ब्रेटन (हे नोव्हा स्कोशिया प्रांतातलं बेट). नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून 'आठवड्यात दोन्ही उरकू' असा बेत होतो. तसं केलं तर सुट्टीतला मोठा भाग सामान बांधण्यात आणि गाडीत जातो. सात दिवस असतील तर एकच निवडा.

निवड करताना घरातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर व्यक्ती दिवसात किती वेळ गाडीत बसू शकते, हे आधी पाहावं. पीईआय हे एका जागी राहण्याचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर, सगळ्यात उंच जागासुद्धा दीडशे मीटरच्या आत. राजधानी शार्लटटाउन ते उत्तर किनाऱ्यावरचं कॅव्हेंडिश साधारण ४० किलोमीटर. सकाळी समुद्र, दुपारी घरी येऊन जेवण आणि झोप, संध्याकाळी पुन्हा समुद्र, असं इथे सहज जमतं. केप ब्रेटन त्याच्या जवळपास दुप्पट, १०,३११ चौरस किलोमीटर, आणि त्याची खरी मजा २९८ किलोमीटरच्या कॅबट ट्रेल या वर्तुळाकार रस्त्यावर. तिथे चालायचं, थांबायचं, रोज-दोन रोजांनी मुक्काम हलवायचा. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी हे बेट नाही.

पोहोचणं

पीईआयला जायला न्यू ब्रन्सविकमधून १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन ब्रिज आहे (१९९७ पासून). टोल फक्त बेटावरून बाहेर पडताना घेतात. ऑगस्ट २०२५ पासून साध्या मोटारीला तो २० डॉलर केला आहे, त्याआधी पन्नासच्या वर होता. पुलाच्या कडेच्या भिंती उंच आहेत, त्यामुळे ठेंगण्या मोटारीतून समुद्र फारसा दिसत नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा. जोराच्या वाऱ्यात उंच गाड्या आणि ट्रेलर अडवतात.

दुसरा मार्ग नोव्हा स्कोशियातल्या कॅरिबूहून पीईआयवरच्या वुड आयलंड्सला जाणारी फेरी (गाड्या नेणारी बोट), सव्वा तासाची. तिचंही भाडं परतीच्या बाजूलाच लागतं. म्हणजे फेरीने आत आणि पुलाने बाहेर हा स्वस्त मार्ग. पण फेरीवर सगळा बेत टांगू नये: एखादं जहाज दुरुस्तीला गेलं की फेऱ्या कमी होतात आणि भर ऑगस्टमध्ये रांग लागते. आरक्षण करा, आणि विमान पकडायचं असेल त्या दिवशी पुलानेच निघा.

केप ब्रेटनला १९५५ साली बांधलेल्या कॅन्सो कॉजवेवरून (समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्यावरून) मोफत जाता येतं. नोव्हा स्कोशियाची राजधानी हॅलिफॅक्सहून कॉजवे तीन तास, केप ब्रेटनमधलं बॅडेक गाव साडेतीन ते चार तास. शार्लटटाउनही हॅलिफॅक्सहून साडेतीन तासांच्या आसपास, त्यामुळे हॅलिफॅक्सला उतरून भाड्याची गाडी घेणाऱ्याला यात फरक पडत नाही. टोरांटोहून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी जाताना दोन आणि येताना दोन दिवस वेगळे धरावेत; आठवडाभराच्या सुट्टीत हे परवडत नाही.

समुद्र

इथे पीईआय सरळ जिंकतं. दक्षिणेकडची नॉर्थम्बरलँड सामुद्रधुनी उथळ आहे, ऑगस्टमध्ये पाणी २० अंशांच्या वर जातं, आणि ओहोटीला लाल वाळूवरून लहान मुलं दूरवर घोट्याएवढ्या पाण्यात खेळू शकतात. माती आणि खडक लाल आहेत ते लोहाच्या ऑक्साइडमुळे. कोकणातल्या माणसाला रंग ओळखीचा वाटेल. हा रंग कपड्यांवरून सहज निघत नाही, पांढरे कपडे घरीच ठेवा. उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे कॅव्हेंडिश-ब्रॅकली भागातल्या राष्ट्रीय उद्यानात, वाळूच्या टेकड्या सुंदर आहेत पण लाटा मोठ्या, आणि वारा असेल तेव्हा माणसाला आत ओढणारे प्रवाह तयार होतात. जीवरक्षक असलेल्या पट्ट्यातच उतरा. टेकड्यांवरच्या गवतावर चालू नका. त्याच्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. सप्टेंबर २०२२ च्या फिओना वादळाने इथल्या टेकड्यांचं मोठं नुकसान केलं.

एक अडचण: जेलीफिश. तांबड्या रंगाच्या, लांब धाग्यांच्या जेलीफिश उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ येतात. डंख जीवघेणा नसला तरी झोंबतो, आणि मुलं पुन्हा पाण्यात जायला तयार होत नाहीत. वाळूवर मेलेल्या दिसल्या तर त्यांनाही हात लावू देऊ नका.

केप ब्रेटनला इंगोनिशसारखे चांगले किनारे आहेत, पण पाणी बहुधा गार. पोहणं हा मुख्य बेत असेल तर तिकडे जाऊ नये.

घाट, जंगल, देवमासे

इथे मात्र पीईआयकडे दाखवण्यासारखं काही नाही. केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यान (१९३६) सुमारे ९५० चौरस किलोमीटरचं आहे आणि कॅबट ट्रेल त्याच्या कडेकडेने जातो. डोंगर थेट समुद्रात उतरतात.

हा फेरा नुसता चालवला तर एका लांब दिवसात होतो, आणि तसं करणारे दमून, काहीच न पाहता परततात. किमान दोन मुक्काम हवेत: एक शेटिकँप किंवा प्लेझंट बे इथे, एक इंगोनिशला. घड्याळाच्या उलट दिशेने गेलात तर तुम्ही समुद्राच्या बाजूला असता आणि थांबे उजव्या हाताला येतात, गाडी वळवावी लागत नाही. उंचीची भीती असेल तर घड्याळाच्या दिशेने जा, डोंगराच्या कुशीने. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापून जळका वास येतो. स्वयंचलित गाडीतही खालचा गिअर निवडता येतो, तो निवडा. डोंगरात मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून घ्या. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा.

स्कायलाइन ट्रेल साधारण साडेसहा किलोमीटर, जाऊन-येऊन. वाट बरीचशी सपाट. शेवटी लाकडी पायऱ्या खाली उतरतात आणि परतताना तेवढ्याच चढायच्या. आई-वडील वरच्या टप्प्यावरच थांबले तरी समुद्र दिसतो. त्यांच्यासाठी फ्रेंच माउंटनवरची अर्ध्या किलोमीटरची बॉग ट्रेल किंवा जुन्या मेपल वृक्षांमधली लोन शीलिंगची छोटी वाट जास्त बरी. सूर्यास्तासाठी स्कायलाइनला भयंकर गर्दी होते. नंतर अंधारात घाट उतरताना मूस (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) आडवा येण्याची शक्यता असते. तो उंच आणि काळपट, दिव्यात डोळेही फारसे चमकत नाहीत. सकाळी गेलात तर दोन्ही टळतं. पीईआयवर मूस, हरीण, अस्वल काहीच नाही, रात्री निर्धास्त गाडी चालवा.

प्लेझंट बेहून देवमासे पाहायला बोटी निघतात, बहुतेकदा पायलट जातीचे दिसतात. काठावर २५ अंश असले तरी बोटीवर जाकीट हवंच.

केप ब्रेटनची सगळ्यात मोठी जोखीम धुक्याची. पठारावर ढग बसला की दहा मीटरपलीकडे काही दिसत नाही. म्हणून एक दिवस मोकळा ठेवा: त्या दिवशी बॅडेकमधलं अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं संग्रहालय (१९०९ मध्ये इथल्याच गोठलेल्या पाण्यावरून सिल्व्हर डार्ट विमान उडालं), किंवा लुईबर्गचा फ्रेंच किल्ला. किल्ल्याला पूर्ण दिवस द्या. किल्ला खुल्या समुद्रावर असल्याने तिथे गारवा जास्त असतो.

गोचीड दोन्हीकडे असली तरी नोव्हा स्कोशियात जास्त, आणि तिच्यामुळे लाइम हा आजार होतो. उंच गवतात पँट मोज्यात खोवा, रात्री गुडघ्यामागे आणि केसांत तपासा.

मुक्काम आणि जेवण

पीईआयवर स्वयंपाकघर असलेली कॉटेजेस मिळतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये बरीच शनिवार ते शनिवार अशीच देतात. आधी कॉटेज, मग विमानाची तिकिटं, हा क्रम उलटवू नका. जुलैच्या पूर्वार्धात कॅव्हेंडिशला संगीत महोत्सव असतो, तो आठवडा टाळा. केप ब्रेटनला मोटेल रात्रीच्या हिशोबाने मिळतात, पण मोजकीच. इंगोनिश-शेटिकँपची खोली मार्च-एप्रिलमध्येच धरून ठेवावी.

शाकाहारी घरासाठी पीईआय सोपं: शार्लटटाउनला भारतीय उपाहारगृहं आणि किराणा आहे, बटाटे जगात भारी, जुलैत स्ट्रॉबेरी स्वतः तोडून घेता येतात. केप ब्रेटनला सिडनी शहरात विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांमुळे सोय आहे. कॅबट ट्रेलवर मात्र पर्याय तुरळक. चावडरमध्ये (दाटसर सूपमध्ये) अनेकदा बेकन असतो आणि फ्राइज मासे तळलेल्याच तेलात तळलेले असू शकतात, म्हणून दोन्हीकडे विचारा. छोटा कुकर, पोहे, मसाला सोबत असला की प्रश्न मिटतो. मासे खाणाऱ्यांसाठी पीईआयची कालवं आणि शेवंड. शेवंडीचा मुख्य हंगाम मे-जूनचा, पश्चिमेकडच्या भागात दुसरा ऑगस्टपासून.

दहा दिवस असतील तर

तेव्हाच दोन्ही करा. चार रात्री पीईआय, मग वुड आयलंड्सहून फेरीने कॅरिबू, तिथून कॉजवे दीड तास, आणि पाच रात्री केप ब्रेटन. हेच पुलाने वळसा घालून गेलात तर रस्त्याचं अंतर दुप्पट होतं. खर्चाचा अंदाज बांधताना लक्षात ठेवा, दाखवलेल्या दरात कर धरलेला नसतो: पीईआयवर १५ टक्के, नोव्हा स्कोशियात एप्रिल २०२५ पासून १४. राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश २०२५ च्या उन्हाळ्यात मोफत होता. पास घेण्याआधी चालू वर्षाचा नियम पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर पाहा. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना तसंही शुल्क नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांना प्रांताचा आरोग्य विमा लागू होत नाही. त्यांच्या प्रवासी विम्याचा क्रमांक गाडीत कागदावर लिहून ठेवा, कारण फोनला रेंज नसलेली जागा नेमकी घाटातच असते.